कोळंबीचे डोळे

डॉक्टर ल्याव टोरांटोला गेले, लेकीकडे.
माझगावच्या दवाखान्याचं शटर शेवटचं ओढलं ते मीच.
खुर्ची भंगारात गेली,
कवळ्यांचे साचे पोत्यात भरले,
माझ्या हातात हा डबा.
(सव्वीस वर्षांचे पैसे त्यांनी वेगळे दिले होते,
तेव्हा तक्रार नाही.)

डब्यात चपटी पानं,
घडी घालून गादीखाली दाबल्यासारखी.
वास कढईत कोरड्या परतलेल्या पावट्यांचा.
आणि एक चिठ्ठी, त्यांच्या लिपीत.
मला वाचता आले ते आकडे तेवढे:
तीन. ऐंशी. दोन.

पहिल्या दिवशी ऐंशी म्हणजे सेकंद धरले.
पाणी खळखळा उकळून ओतलं, हाताच्या सवयीनं.
घोट घेतला तर
कारलं पिळून फेकतो ते पाणी.
आमचे हे म्हणाले, "मोरीत ओत, नळ तरी मोकळा होईल."
डबा आठ दिवस मिठाच्या बरणीमागे.

मग काल कोळंबी सोलताना आठवलं.
दोन पेशंटच्या मधे, हत्यारं उकळायच्या स्टोव्हवर
डॉक्टर स्वतःपुरतं पाणी ठेवायचे, म्हणायचे,
"कुंदा, कोळंबीचे डोळे आले की बंद."
मला वाटलं, कोळंबी हवी असेल.
दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून वाटाभर आणली, साफ करून.
ते इतके हसले की मास्क खाली आला.
कोळंबी मात्र घेतली.

आज पाणी रात्रीचंच भरून उघडं ठेवलेलं,
म्युनिसिपालटीचं औषध उडून जावं म्हणून.
पातेल्यावर झाकण नाही. मी वाकून उभी.
तळाशी आधी टाचणीची टोकं,
मग जवळ्याचे डोळे,
मग, हो, कोळंबीचे.
अजून क्षणभर थांबले असते तर खेकड्याचे झाले असते.
मी शिवडीच्या कोळीवाड्यातली,
मला डोळ्यांतला फरक कोण शिकवणार?
गॅस बंद केला.

काचेच्या ग्लासात तीन चिमटी. वरून पाणी, कडेकडेनं.
पानं आधी आडवी तरंगली,
मग एकेक उभं राहिलं,
ओहोटीत चिखलावर कलंडलेल्या होड्या
भरती शिरली की सरळ होतात तसं.
रंग म्हणाल तर सोललेल्या बिरड्याचा, तोही उसना.

घोट तोंडात ठेवला.
काहीच नाही.
सव्वीस वर्षं मी म्हणत आले, "चूळ भरा. थुंका."
स्टीलच्या त्या वाटीत लोकांचं रक्त, कापूस, लवंगतेल.
तोंड म्हणजे रिकामं करायची जागा
असंच डोक्यात बसलेलं.
आज ओठ मिटून उभी राहिले,
थुंकायला काही नाही,
कोणाचं काही दुखत नाही.

तेव्हा आल्या हळूच उकडलेल्या कोवळ्या शेंगा.
दाढेच्या मागे, जिथं सुई देतात तिथं,
जरासं तुरट.
गिळलं. संपलं असं वाटलं.
आणि मग मागून, उशिरा,
आवळ्यावर पाणी प्यावं तशी
एक गोडी, जिभेच्या बुडाशी.

दुसरं पाणी पहिल्याहून बरं लागलं.
चिठ्ठीतले दोन म्हणजे हेच असेल.
किंवा मिनिटं. किंवा माणसं.
आता विचारणार कोणाला, तिथं त्यांची मध्यरात्र.

साडेसहाला हे आले. ग्लास पुढं केला.
एका दमात प्यायले, उभ्यानंच.
"यात काय आहे? गरम पाणी आहे."
म्हटलं, बरं.
शर्ट काढला, पंखा लावला,
माठातलं तांब्याभर पाणी प्यायले, थांबले,
तांब्यात डोकावून बघितलं.
"साखर घातलीस काय गं माठात?"

मी पानं चाळत होते.
"चूळ भरू नका," म्हटलं,
"एवढ्यात भरू नका."